अनोळखी नंबर आणि पाण्याचा टँकर

त्या वर्षी माझ्या मोबाइलवर माझ्या माणसांपेक्षा कर्ज देणाऱ्यांचे फोन जास्त यायचे. भाजी निवडताना कर्ज, ऑफिसात बिलं लावताना क्रेडिट कार्ड, दुपारी जरा पाठ टेकली की फुकट सहल. सहलीला अट एकच: नवराबायकोने जोडीने हॉटेलात येऊन तासभर भाषण ऐकायचं. आमचे हे म्हणाले, "जाऊ या की. एरवी जोडीने कुठे बोलावतं कोण आपल्याला?"

माझा नंबर त्यांना मिळतो कुठून, याचा मी तपास केला नाही. हे फोन बंद कसे करायचे, एवढंच मला हवं होतं. आधी नम्रपणे 'नको' म्हणून पाहिलं, तर पलीकडून "का नको?" असं विचारायचे, आणि कारण दिलं की त्यावरही त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. मग "मॅडम घरी नाहीत" सुरू केलं. मोबाइलवर हे चालत नाही, हे मुलीने पोट धरून हसत सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर आलेला प्रत्येक नंबर 'नको १', 'नको २' असा साठवत गेले. पद्धत उत्तम होती, पण ते दर वेळी नव्या नंबरावरून फोन करायचे आणि माझं सिमकार्ड भरून गेलं. मावशीचा नवा नंबर ठेवायला जागा उरली नाही.

असे फोन नको असतील तर नाव नोंदवायची सरकारी सोय तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मी त्याच दिवशी मेसेज पाठवला. नोंद झाली, पण ती लागू व्हायला काही आठवडे लागतील, असं उत्तर आलं. पुढे खरंच लागू झाली आणि फोन बरेच कमी झाले. प्रश्न मधल्या आठवड्यांचा होता. त्यासाठी मी नियम केला.

त्या काळात सगळेच मिस्ड कॉल द्यायचे. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये. मी त्यालाच शिस्त लावली. आपल्या माणसाने आधी दोन रिंगा देऊन फोन कापायचा आणि लगेच पुन्हा करायचा. तसा आला तरच मी उचलणार. अनोळखी नंबर सलग वाजत राहिला तर तो विकणारा, वाजू दे. नातेवाईक, ऑफिस, दूधवाला, सगळ्यांना कळवलं. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, म्हणून वॉचमनला आणि टँकरच्या ड्रायव्हरलाही समजावलं.

"हा मोबाइल आहे की तार ऑफिस?" आमचे हे म्हणाले. पण नियम चालला. फोन वाजायचा, मी शांतपणे पोळ्या लाटत राहायचे.

मुलीला तेव्हा सातवा महिना होता, ती माहेरी आली होती. डोहाळजेवण आमच्याकडे, गच्चीवर करायचं ठरलं. तिच्या सासरच्या बायका डोंबिवलीहून येणार होत्या. लग्न ठरताना विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मीरा रोडला पाणी असतं का हो?" मुलगी ताठ मानेने म्हणाली होती, "आमच्याकडे असतं." त्यानंतर त्या पहिल्यांदाच मुक्कामाला येत होत्या. आणि आदल्या दिवशी शनिवारी सकाळी नळ कोरडे पडले. कुठेतरी लाइनचं काम निघालं होतं.

"आई, मी काय तोंड दाखवू?" मुलगी म्हणाली. "त्या आयुष्यभर मला ऐकवतील. बारशालासुद्धा ऐकवतील."

"टँकर सांगितलाय. उद्या आठला," मी म्हटलं. टँकर चेणे गावाकडे भरून घोडबंदर रोडने यायचे. नेहमीचा ड्रायव्हर काशिमिऱ्याच्या नाक्यावरून दोन रिंगा द्यायचा, मग फोन करायचा, आणि मी वॉचमनला टाकीचं झाकण उघडायला पाठवायचे. त्यात चुकायला काही जागाच नव्हती.

रविवारी सकाळी मी मुलीसाठी फुलांचे दागिने गुंफत बसले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर, सलग. "रविवारीसुद्धा सोडत नाहीत मेले," मी म्हटलं. थांबला, पुन्हा वाजला. थोड्या वेळाने दुसऱ्याच नंबरावरून वाजला.

"आई, उचल ना एकदा."

"एकदा उचलला की मागेच लागतात. मला माहितीय."

नऊ वाजत आले तरी दोन रिंगा काही येईनात. गॅलरीत जाऊन पाहिलं तर शेजारच्या सोसायटीत टँकर उभा होता आणि त्याचा पाइप त्यांच्या टाकीत सोडलेला होता. नशीबवान आहेत, असं मनात आलं. मग मी टँकरवाल्याला फोन लावला.

"मॅडम, गाड़ी तो कब की पहुँच गयी! पुराना ड्रायव्हर गाँव गया है, ये नया है. आपको दो बार फोन किया, आप उठाते ही नहीं. वो गाड़ी तो कहीं और खाली भी हो गयी."

नव्या ड्रायव्हरला माझा नियम कोण सांगणार? दुसरी गाडी संध्याकाळीच मिळेल, म्हणाला. फार विनवल्यावर म्हणाला, घोडबंदरकडून एक गाडी परत येतेय, जमलं तर तिचा ड्रायव्हर फोन करेल. कोणत्या नंबरावरून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता मला येईल तो फोन उचलणं भाग होतं. पहिला लगेच आला.

"हां बोलो, कहाँ तक पहुँचे?"

"गुड मॉर्निंग मॅम. मैं क्रेडिट कार्ड के बारे में..."

"गाड़ी में पानी है?"

पलीकडची मुलगी जरा गोंधळली. "मॅम, लाइफटाइम फ्री है."

"पानी?"

"कार्ड, मॅम."

नंतर एकाने विमा विचारला. त्याला मी "नाक्यावरून डावीकडे वळा" असं सांगून टाकलं, तो "थँक्यू मॅम" म्हणाला. मुलगी पलंगावर बसून एकाच वेळी रडत आणि हसत होती.

पुढचा फोन सकाळच्या त्या दुसऱ्या नंबरावरून आला.

"अरे बेन, आखिर उचलला फोन!"

आवाज ओळखीचा होता. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त गुजराती काका. भिंतीलगतच्या पार्किंगवरून आमच्यात वर्षभर भांडण चाललं होतं. बोलणं बंद, फक्त पत्रं. त्यामुळे त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. माझा मात्र आमच्या नोटीस बोर्डावर होता.

"तुमचा टँकर तुमच्या गेटवर उभा राहून राहून परत चालला होता, वॉचमन पण जागेवर नव्हता," काका म्हणाले. "मी तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाही. मग आमच्या टाकीत खाली करून घेतला. नाहीतर पाणी गेलं असतं ना! आता बोला, पाहिजे की नाही?"

मी चपला न घालता खाली उतरले. काका भिंतीपलीकडे बनियनवर उभे होते.

"पंप आमचा, पाइप तुमचा," ते म्हणाले. "पण बेन, पाइप भिंतीच्या तुमच्या बाजूला ठेवावा लागेल. तिथे तुम्ही पाटी लावलीय, 'इथे काहीही ठेवू नये'."

"पाटी मी काढते."

"काढू नका, नुसती उलटी करा. भांडण परत सुरू करायला लागेल ना ती!" काका मनापासून हसले. मग म्हणाले, "आणि माझा नंबर ठेवा." मी तिथेच उभ्या उभ्या 'नको १' ते 'नको ५' पुसले आणि त्यांचा नंबर साठवला.

आमचा पाइप तोकडा पडला, त्यांचा एक जोडला. जोडावरून पाणी उडत होतं. आमचे हे तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, नव्या सिल्कच्या कुडत्यासकट. काकांच्या पत्नीला मी भिंतीवरूनच आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, "येते, पण आधी तुमच्या मिस्टरांना टॉवेल द्या."

पाहुण्या अकराला आल्या. विहीणबाई पर्स ठेवून थेट बाथरूममध्ये गेल्या आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. धार बादलीत पडल्याचा आवाज हॉलपर्यंत आला. मुलगी हिरव्या साडीत, कानांत फुलं घालून बसली होती. ती कान देऊन ऐकत होती. विहीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"धार चांगली आहे हो तुमच्याकडे."

मुलगी म्हणाली, "शेजारच्यांची आहे." आणि काकांच्या पत्नीकडे पाहून अशी खळखळून हसू लागली की मला पुढे होऊन तिचं फुलांचं कानातलं सावरावं लागलं. विहीणबाईंना काहीच कळेना. तेव्हा काकांच्या पत्नी त्यांना शेजारी बसवून सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या, आणि मी ओटीचं ताट आणायला आत गेले.