आधी पाहुण्यांचं

चिकलठाण्याच्या आमच्या हवामान कार्यालयातले ज्येष्ठ अंदाजकार माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. मी तिथं शिकाऊ होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाची संगणक यंत्रणा बंद पडली, की तिथले इशारेही त्यांनाच काढावे लागत. मग ते शर्टाच्या बाह्या दुमडून म्हणत, “आधी पाहुण्यांचं वाढू, मग आपलं.” तो इशारा गेल्याशिवाय आपल्या जिल्ह्याला ते हात लावत नसत. मला हे पटायचं नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी ढग दिसला, की लोक बाहेर येऊन बघत उभे राहायचे. एका दुपारी नव्या इमारतींमागे आभाळ काळं झालं. विजांचे ढग दोन्ही जिल्ह्यांवर होते, आणि पलीकडची यंत्रणा नेमकी बंद. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाडला त्यांची बायको शेळ्या घेऊन माळावर असायची. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पाहुण्यांचा इशारा लिहायला घेतला. लिहितालिहिताच मोबाइल माझ्याकडे सरकवला.

“मॅडम, घरी लावा जरा. म्हणावं, आभाळ बघत थांबू नको, घर गाठ.”

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची मला धास्ती वाटते. तरी लावला, निरोप सांगितला.

“व्हय, निघालेच,” त्या म्हणाल्या. “पण ते सोता का नाय बोलले?”

“ते आधी... पाहुण्यांचं करतायत.”

वाऱ्याच्या आवाजात त्या हसल्या. “घरी बी तसंच हाय, ताई. समद्यांचं झाल्याबिगर सोताचं ताट घेत नायत.”