सतरा नंबरच्या गाडीचा हेडर

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली बाई. भूत दिसलं तर त्याच्याकडेही नोंदींचा लॉग मागेन! पण दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला हा प्रकार सांगताना आजही अंगावर काटा येतो... भीतीनं नाही, आनंदानं.

तिथल्या गेटवर माझे बाबा तीस वर्षं होते. कापसाची गाडी आली की हात कोपरापर्यंत आत खुपसायचे. कापूस आतून धुमसत असला तर डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं. "कोपर घातल्याबिगर गाडी सोडाची नाई, पोरी!" बाबा गेले आणि वर्षभरात मी त्याच जिनिंगला पायथॉनमध्ये वेबसाइट करून दिली. मोबाइलवर नंबर लागला की गाडी सरळ आत. कोपराचा विचार माझ्या हुशार डोक्यात आलाच नाही.

पहिला दिवस, सकाळचे अकरा. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत हेडर पाठवतो — पाकिटावरच्या सूचनेसारखे, वापरणाऱ्याला न दिसणारे. मी स्वतःचा एकच बनवला होता, X-Gadi, त्यात चालू नंबर. लॅपटॉपवर तोच तपासत होते. सोळापर्यंत ठीक. सतराला त्याच्याखाली आणखी एक ओळ —

X-Thamb: kopar

थांब, कोपर! ही ओळ मी लिहिलीच नव्हती! अख्ख्या कोडमध्ये शोधलं, कुठेच नाही. पासवर्ड तर फक्त माझ्याकडे. मी गेटकडे धावत सुटले.

"सतरा नंबर थांबवा!"

"काहून थांबवून राह्यल्या, ताई?" गाडीवाला चिडला. "मांगं लाइन लागली ना!"

"एकदा हात घालू द्या फक्त."

"घाला बाप्पा!"

चाकावर चढून कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडलेच. चटका! कापूस उपसला तर मधोमध काळा, धुमसणारा गोळा. ही गाडी आतल्या कापसाच्या गंजीवर, त्या मोठ्या ढिगावर, रिकामी झाली असती तर... गंजीवर तेव्हा आठ बाया कापूस लोटत होत्या.

"ताई, तुम्हाले कसं समजलं?" गाडीवाल्यानं विचारलं.

मी रडतही होते, हसतही होते. "बाबा... बाबा..." एवढंच तोंडातून निघत होतं.

नंतर सगळं तपासलं. सतराचं पान दहा वेळा उघडलं. दर वेळी फक्त X-Gadi. पण त्या पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, खुशाल खोटं ठरवा!

आता गेटवर पुन्हा हात घालणारा माणूस आहे, आणि X-Thamb प्रत्येक गाडीच्या उत्तरात जातो. ती ओळ मी लिहिली. पहिल्या वेळची कोणी लिहिली, ते मला अजून माहीत नाही.