पायाळू सुभेदार

आभाळात ढग चढू लागले की निवृत्त सुभेदार हणमंतराव चपला काढून रबरी बूट घालत आणि जीप ढगांच्याच दिशेने काढत. वळवाच्या दिवसांत ते उंब्रजचे घर सोडून जतला मेहुण्याकडे मुक्कामाला असत. जतचे पठार उघडे आहे. झाड असले तर लांब लांब, एखादेच. पाऊस आला की मेंढपाळ, मजूर, वाटसरू त्या एका झाडाखाली जमतात. वादळाच्या आधी तिथे पोचून माणसे हुसकावायची, हे काम सुभेदारांनी मरेपर्यंत केले. कोणी सांगितले नव्हते आणि कोणाला ते हवेही नव्हते.

आमची ओळख भांडणातून झाली. सांगलीच्या दैनिकात मी बातमी दिली होती, वीज पडून मेंढपाळ ठार. सकाळीच फोन आला. "वीज पडून न्हाई, झाडाखाली थांबून मेला. तेवढं लिवायला शाई संपती व्हय तुमची?" पुढच्या बातमीत मी तसे लिहिले. उपसंपादकाने ते वाक्य कापले. पुन्हा फोन आला. या वेळी त्यांनी मला बोलूच दिले नाही.

ते पायाळू होते, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले. अशा माणसावर वीज येते, असा आमच्याकडे समज आहे. लहानपणी भुईमूग काढताना पाऊस आला, तेव्हा घरच्यांनी त्यांना आंब्याखालून काढून लांब बांधावर एकटे बसवले. वीज आंब्यावर पडली. चुलते गेले. "तरी नाव माझंच झालं," ते सांगत. "मी लांबनं वीज बोलावली म्हनं." म्हातारपणीही हे सांगताना त्यांचा जबडा आवळलेला असे.

एका मे महिन्यात मी त्यांच्यासोबत गेलो. मोबाईलवर ढगांचा नकाशा उघडून त्यांनी तो माझ्याकडे दिला. दुपारभर आम्ही धुळीतून ढगाच्या पुढे पळत होतो. माळावरच्या एका चिंचेखाली माणसे आणि मेंढ्या दाटीने उभ्या दिसल्या.

"भाईर या. झाडावर वीज येती," सुभेदार जीपमधूनच ओरडले.

"आवं, दरसाल हितंच थांबतो आमी," एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला. "तुमीच या आत. भिजाल."

"फौजेत पावसाला भ्यायला शिकिवत्यात वाटतं," त्यांची फौजी टोपी बघून मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

गडगडाट जवळ आला होता. सुभेदार उतरले, झाडाखाली गेले आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"बरं, थांबूया समदी," ते म्हणाले. "मी पायाळू हाय."

हसणे थांबले. एका बाईने पोर काखेत मारले. बघता बघता झाड रिकामे झाले. म्हातारी आणि पोरे जीपमध्ये, बाकीचे खोलगट जागेत, पांगून, उकिडवे बसा, असे सुभेदार खोडापासूनच ओरडत होते. शेवटचा माणूस लांब गेल्यावर ते बाहेर आले.

वीज पलीकडच्या माळावर पडली. चिंचेला काही झाले नाही.

"उगा भिजिवलंसा की," पाऊस ओसरल्यावर म्हातारा म्हणाला. जीपमधून उतरताना एका आजीने सुभेदारांना खालवर न्याहाळले. "असलं अंग घिऊन वळवात हिंडू नये मानसानं. घरात बसावं."

"बसतो की, आजी. तुमी झाडाखाली बसायचं सोडा."

त्यांनी दार आदळले. ढग पूर्वेला सरकला होता आणि त्या वाटेवर आणखी एक झाड होते.

"फुडं गेल्या गेल्या पायाळू हाय तेच सांगतो," गिअर ओढत ते म्हणाले. "खरं बोलन्यात येळ जातो."