शेवटच्या रकान्यातली माणसं

हार्म वेसेलिंकने आयुष्यातली अडतीस वर्षं डब्यांवर संशय घेण्यात घालवली आणि त्याबद्दल त्याला पगार मिळाला. डेव्हेंटर शहरातल्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. समोर आलेला प्रत्येक डबा गळका आहे असं धरून चालायचं, आणि तो गळत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच पुढे सोडायचा, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, सवय काही सुटली नाही. रेडिओवर ऊन सांगितलं की तो छत्री घेऊन निघे. बेकरीत मधाचा केक घेताना आजचाच आहे ना असं विचारी, आणि दुकानातल्या पोरीने हो म्हटलं की तिच्या तोंडाकडे बघत राही. बायको दिनी होती तोवर हे सगळं घरातल्या घरात खपून गेलं. "हार्म, माणसं म्हणजे डबे नव्हेत," असं ती त्याला अधूनमधून सुनवायची. तीन वर्षांपूर्वी दिनी गेली आणि असं सुनावणारं कोणी राहिलं नाही.

राहिली ती बस. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हार्म वस्तीची बस चालवायचा. बस कसली, आठ सीटांची पांढरी व्हॅन. जिथे मोठी बस पाठवायला माणसं पुरेशी नसतात तिथे ही असली गाडी फिरते, आणि ती चालवणारे सगळे हार्मसारखे निवृत्त, बिनपगारी. स्टेशनावरून निघायचं, रीटहोफच्या गल्ल्यांतून ओल्डेनबर्ख गावापर्यंत जायचं आणि परत. रीटहोफमध्ये दहा वर्षांपूर्वी गाई चरत होत्या. आता तिथे घरांच्या रांगा उठल्या होत्या, क्रेन अजून हलत होत्या, आणि मोठी बस मात्र मोठ्या रस्त्यावरूनच निघून जात होती.

सोमवारी संध्याकाळीच हार्म शर्टाला इस्त्री करून ठेवायचा. आठवड्यातले बाकीचे पाच दिवस तो कसे काढायचा हे कोणी विचारू नये आणि त्यानेही सांगू नये. गाडीत बसला की तो कोणीतरी होता. कोणाचा दात काढायचाय, कोणाची सून रुसलीय, सगळं त्याला ठाऊक असे. एक्याऐंशी वर्षांच्या त्रूसला तर तो हात धरून उतरवायचा, तिचा चाकांचा वॉकर खाली ठेवायचा, आणि ती कुलूप उघडून आत जाईपर्यंत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवेपर्यंत थांबायचा. त्यात दीड मिनिट जाई. ते वेळापत्रकात नव्हतं, पण गाडीतलं कोणी कधी कुरकुरलं नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी स्टेशनावर हिरव्या कोटातली एक बाई चढली. चाळिशीची असेल. ती ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसली आणि तिने वही काढली. ओल्डेनबर्ख आलं, ती उतरली नाही. गाडी वळून परत स्टेशनावर आली तरी ती आपली बसूनच. जी बाई कुठेच उतरत नाही ती कुठे पोचायला निघालेली नसते, एवढं कळायला डबे तपासावे लागत नाहीत. शेवटी तिने स्वतःहूनच सांगितलं. तिचं नाव हेस्टर लान्सिंक, नगरपालिकेच्या वाहतूक विभागात होती, आणि बस कशी चाललीय ते बघायला आली होती.

हार्मच्या मनात पाल चुकचुकली. नव्या वस्त्यांकडे बसचं जाळं वाढवणार असं त्याने पेपरात वाचलं होतंच. कारखान्यातही साहेबांनी विस्ताराची गोष्ट काढली त्या वर्षीच त्याचा विभाग बंद झाला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"त्या आजी आत जाईपर्यंत तुम्ही दर वेळी थांबता का?" हेस्टरने विचारलं.

"कधीतरी," हार्म म्हणाला.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. आरशात हार्मला पेन हलताना दिसत होतं, अक्षर दिसत नव्हतं. गाडी उशिरा पळते म्हणून ठपका ठेवणार, आणि त्या ठपक्यावर गाडी बंद करणार, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी त्रूसला उतरवल्याबरोबर त्याने गाडी सोडली. आरशात ती दिसली. किल्ली हातात धरून ती वळली होती, खिडकीतून हलवायचा हात अर्धाच वर आला होता. हार्मला कसंसंच झालं, पण वेळ तर बरोबर गाठली होती.

"घाई होती का रे शुक्रवारी?" मंगळवारी त्रूसने विचारलं.

"वेळापत्रक," तो म्हणाला. त्या दिवशी उतरताना त्रूसने त्याचा हात धरला नाही, आणि ते हार्मला जास्त लागलं.

आता नुसतं वेळेवर पळून भागणार नव्हतं. रीटहोफच्या समाजमंदिरात दर बुधवारी म्हातारी मंडळी कॉफीला जमत. एकेक बिस्किट वाटून डब्याला झाकण लागल्यावर हार्म उभा राहिला आणि त्याने आपला बेत सांगितला. नगरपालिका गाडी बंद करायला टपलीय, रिकाम्या सीटा दिसल्या की संपलं, तेव्हा सगळ्यांनी मंगळवार-शुक्रवार गाडीत बसायचं. पास सगळ्यांकडे आहेतच. गावात जाऊन कॉफीच प्यायची, इथे पितो ती तिथे पिऊ.

"म्हणजे आम्ही नुसतं सामान म्हणून बसायचं," त्रूस म्हणाली. "चालेल. घरी तरी काय, तेच करते मी." रागावलेली असूनही सगळ्यात आधी तिनेच नाव दिलं. तेरा-चौदा जण तयार झाले.

मार्चपासून गाडी भरून वाहू लागली. वाहू लागली हे नुसतं म्हणायला, कारण आठाच्या वर एकही माणूस घ्यायला कायद्याने बंदी होती, उभं करूनसुद्धा. नववा माणूस थांब्यावरच राही. प्रत्येक फेरीचा एक कागद भरावा लागे, आणि त्या कागदात अगदी शेवटचा रकाना होता: जागा नसल्यामुळे मागे राहिलेले. इतकी वर्षं हार्म तिथे शून्य घालत आला होता. आता तो तीन लिहू लागला, चार लिहू लागला. एका शुक्रवारी त्याने सहा लिहिलं आणि खाली रेघ मारली. मागे राहिलेली मंडळी समाजमंदिरात परत जाऊन कॉफी पीत. लबाडी म्हणावी तर आकडा खोटा नव्हता, माणसं खरोखरच उभी होती.

फक्त त्या शुक्रवारच्या सहांपैकी एक कॉफीवाली नव्हती. नव्या इमारतींत राहणारी सेनाइत जुळ्यांची गाडी ढकलत थांब्यावर आली होती. ती मूळची इरिट्रियाची, मुलांच्या लशीसाठी तिला दवाखान्याची वेळ मिळालेली होती. गाडीत आठ म्हातारे कुठलंही काम नसताना बसले होते. एकाने उतरायला हवं होतं, आणि एकाला उतरायला हार्मने सांगायला हवं होतं. पण तो वेळेत होता, रकाना भरत होता, आणि समोर उभ्या मोटारीतला माणूसही नगरपालिकेनेच पाठवला असेल, असा त्याला संशय येत होता. "पुढच्या फेरीला या," असं म्हणून त्याने दार लावलं. पुढची फेरी एका तासाने होती. सेनाइत बाबागाडी वळवून मोठ्या रस्त्याकडे चालू लागली, आणि हार्मने तिला शेवटच्या रकान्यात घातलं.

एप्रिलमध्ये हेस्टर पुन्हा आली. तिलाच जागा मिळाली नाही, तेव्हा ती हार्मच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. वही मिटलेली होती.

"वेसेलिंक, एक विचारते, खरं सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "ही सगळी मंडळी खरोखर कुठे जायला निघालीत का?"

"सगळ्यांना गावात कामं आहेत."

"सगळ्यांना? दर मंगळवारी?"

"म्हातारपणी कामं वाढतात. तुम्हाला कळेल पुढे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. हेस्टर हसली नाही. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, अजून काही सांगाल तर ऐकते, असं. हार्मने ताकास तूर लागू दिली नाही. "बरं," ती म्हणाली, "मग मला तसंच लिहावं लागेल." हार्मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी त्याने बेकरीतून केक घेतला आणि तो आजचाच आहे का हेही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. भिंतीवर नकाशा लावला होता आणि त्यावर रीटहोफच्या गल्ल्यांतून एक जाड निळी रेघ गेली होती. सप्टेंबरपासून मोठी बस आत येणार, दर पंधरा मिनिटांनी, सकाळी सहापासून. वस्तीची छोटी बस त्याच दिवसापासून बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेनाइत उभी राहून वाजवत होती.

हार्मही उभा राहिला. पहिल्या दिवसापासून आपल्याला ठाऊक होतं, ही बाई गाडी बंद करायलाच आली होती, असं त्याने भर सभेत सांगितलं. लोक खाली बघू लागले. कॉफीच्या वेळी हेस्टर त्याच्याजवळ आली, वहीचं एक पान उघडलं आणि ती वही त्याच्या हातात दिली.

पान जानेवारीतलं होतं. वर त्या मंगळवारची तारीख. खाली लिहिलं होतं: चालक म्हातारीचं दार उघडेपर्यंत थांबतो. मोठ्या बसला हे कधी जमणार नाही. मोठी बस फक्त मोठ्या रस्त्याने वाढवावी, आतल्या गल्ल्यांत ही गाडी आहे तशी ठेवावी.

हार्मने तारीख पुन्हा पाहिली. आधीचं पान पाहिलं, नंतरचं पाहिलं, शाई पाहिली. कुठेच गळत नव्हतं.

"मी तसंच कळवलं होतं, आणि वर पटलंही होतं," हेस्टर म्हणाली. "मग तुमचे कागद यायला लागले. तीन महिने सतत माणसं मागे राहिली तर छोटी गाडी काढून मोठी घालायची, असा नियम आहे. म्हणून तर मी खिडकीशी येऊन विचारलं. तुम्ही एकदा नाही म्हणाला असतात तर पुरलं असतं."

"मला वाटलं, तुम्ही..." हार्म म्हणाला आणि थांबला. काय वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

सप्टेंबरातल्या पहिल्या मंगळवारी त्याने सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला आणि थांब्यावर जाऊन उभा राहिला. बस आली, लांबलचक, निळी. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं नाही, पास लावल्यावर यंत्र वाजलं, झालं. आत सेनाइत होती. तिला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सकाळची पाळी मिळाली होती, मुलं शेजारणीकडे होती.

"ही बस तुमच्यामुळे आली म्हणे," ती म्हणाली. "त्रूस सांगत होती."

हार्मने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा शोधला, सापडला नाही. "त्या शुक्रवारी मी तुम्हाला घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. ती म्हणाली, हो, घ्यायला हवं होतं. आणि पिशवी मांडीवर घेऊन तिने त्याला शेजारी जागा करून दिली.

परतीच्या फेरीत त्रूस होती. तिचा थांबा आला, ती वॉकर सावरत उतरली, आणि तिचे दोन्ही पाय फुटपाथवर टेकले न टेकले तोच दार मिटायला लागलं. हार्मने दारात हात घातला आणि तोही उतरला. बस निघून गेली.

"अरे, तुझी बस गेली," त्रूस म्हणाली.

"पंधरा मिनिटांनी दुसरी येते. माझीच मेहेरबानी आहे ती. तू आधी कुलूप उघड."

त्रूसने तोंड वाकडं केलं, पण ती वळली. कुलूप उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. हार्म फाटकाशी उभा राहिला. आता त्याला कुठल्या वेळापत्रकाचं ओझं नव्हतं, आणि ह्या मोकळेपणाचं त्याला रडूच आलं. खिडकीत हात हलला तेव्हा त्यानेही हात वर केला, मग थांब्यावर येऊन घड्याळ काढलं. बस पंधराऐवजी सोळा मिनिटांनी आली, आणि ते त्याने ड्रायव्हरला चढता चढता सांगितलं.