दुसऱ्या भागात गोळ्या संपत नाहीत

मंडळी, भुतांना गोळ्या घालायच्या त्या कॉम्प्युटर गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, असं आपल्या ई-मेल गटावर मीच लिहिलं होतं. आज ते मागे घेतो.

शेजारचे नाना लष्करातले निवृत्त सुभेदार; रोज माझ्याकडे हा गेम खेळायला येतात. पहिल्या भागात गोळ्या मोजक्याच. खेळताना ते प्रत्येक गोळी मोठ्याने मोजत, वाया गेली की हळहळत.

आज मी सांगलीहून आणलेली दुसऱ्या भागाची सीडी हौसेने नानांसाठी लावली. यात गोळ्या संपत नाहीत आणि भुतांचे चेहरे थेट माणसांचे. नानांनी न मोजता पन्नासेक पाडली, मग माउस ठेवला.

"अवघड आहे का, नाना?"

"आवं सर, लय सोपं हाय. म्हणूनच नगं."

चहा न घेताच ते गेले. रोज येणारे नाना उद्या येतील का?

'सरस' लिहिताना मी नेमकं काय पाहिलं होतं? गेमला सरस म्हणताना तुम्ही काय पाहता?