चुन्याचा वास आणि पन्नास रुपयांची बाटली

१९५० साल, कोल्हापुरात दारूबंदी लागू होण्याची आदली संध्याकाळ. मंगळवार पेठेतल्या घरी आम्ही तिघे होतो: एका सरदारांकडे खानसामा असलेले माझे काका, काकू आणि नुकताच नोकरीला लागलेला मी. समोर सरदारांनी निरोपादाखल दिलेली १९२८ सालची शॅम्पेन. एका व्यापाऱ्याने तिचे पन्नास रुपये देऊ केले होते.

काल रंगकामासाठी चुना भिजवला आणि त्या वासाने ती संध्याकाळ आठवली.

“पन्नास घ्या, न्हाईतर मोरीत वता,” काकू म्हणाली. “उद्या पोलीस येतील की दारात!”

“तीस वर्सं दुसऱ्याच्या पेल्यात वतली, थेंब चाखला न्हाई. आज बसून पिणार,” काका म्हणाले. “तू वाढ रं.”

बूच आढ्याला लागले. फुलपात्रात फेस चढला. काकांनी डोळे मिटून घोट घेतला.

“सरदारांसंगं फ्रान्सला गेलतो तवा बघितलंय. तिथली जमीन पांढरीफेक, खडूची. द्राक्षं त्यातच वाढत्यात. त्या मातीचा वास हाय ह्यात.”

मी हुंगले. ओल्या चुन्याचाच वास होता.

पन्नास रुपये हा तेव्हा माझा महिन्याचा पगार. तेवढे पैसे बुडाले म्हणून मी हळहळलो होतो. आज ती किंमत मला कमी वाटते.

बाटली संपल्यावर काकांनी कनवटीची चवली माझ्या हातावर ठेवली. “वाढणाऱ्याला बक्षीस द्यायचं असतंय.”

त्या बाटलीपायी शेवटी दिले गेले ते एवढे दोन आणे, आणि ते मला मिळाले.