माळ्यावरची कणगी

आंबवड्याच्या शाळेत खिचडी शिजवणारी भागूबाई चैत्रातल्या एका रविवारी सकाळीच माळा साफ करायला शिडी लावून वर चढली. सहा-सात महिने ती हे काम पुढं ढकलत आली होती. आळशी ती कधीच नव्हती, पण अंगात तेवढं बळच उरत नव्हतं.

गेल्या श्रावणात तिचा नवरा सिद्धनाथ तापानं पडला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की पाय भुईला टेकवेना, आणि चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. भोरच्या दवाखान्यातून त्याला पुण्याला हलवलं. उंदराच्या मुतातून येतो तसला ताप निघाला. घरात उंदीर आहेत का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते कुणाच्या घरात नसतात, असं ती म्हणाली. ताप शेतातल्या चिखलातून आला की घरातून, हे सांगता येणार नाही, पण घर साफ करा, एवढं त्यांनी बजावलं.

सिद्धनाथ वाचला, पण दिवाळीपर्यंत त्याच्यानं कोयताही उचलवत नव्हता. भाताची कापणी, झोडणी तिनंच काढली. त्यात शाळेची खिचडी, आणि सासरे कोंडिबा यांचं औषधपाणी. माळ्याचं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं. शेवटी गावची आशा कार्यकर्ती सुलक्षणा दारात बसून म्हणाली की पावसाच्या आत माळा धुवाच, कौलांतून गळणारं पाणी वरची घाण घेऊन खालच्या भांड्यांत उतरतं. कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते, हेही तिनं सांगितलं आणि ब्लीचिंग पावडरची पुडी हातावर ठेवली.

किकवीहून लग्न होऊन या घरात येऊन भागूबाईला एकतीस वर्षं झाली होती. माळ्याच्या फळ्यांवरचे पिवळे डाग ती पहिल्या पावसाळ्यापासून बघत होती आणि गळतीचे समजत होती. आज नाकाला ओला पंचा बांधून जवळून पाहिलं तेव्हा उग्र वास थेट डोक्यात गेला. वाशांच्या कडेनं तेलकट काळा पट्टा उमटला होता. उंदरांची ती रोजची वाट. कोपऱ्यात लेंड्या, काही पांढुरक्या पडून भुगा झालेल्या, काही ओल्या, चकचकीत. म्हणजे अजून मुक्काम होता.

तिनं दोन कौलं सरकवली, वारा खेळू दिला, मग तांब्यानं ब्लीचिंगचं पाणी सगळीकडं शिंपलं आणि भिजेपर्यंत शिडीवर बसून राहिली. खाली सिद्धनाथ परड्यात खड्डा खणत होता. चार घाव घालायचा आणि दम खायचा. रबरी हातमोजे घालून ती पत्र्याच्या तुकड्यानं घाण खरवडायची, पिशवीत भरायची, पिशवी खाली सोडायची. गोधड्यांचं गाठोडं सोडलं तर आत नुसता चिंध्यांचा भुसा. तेही खाली गेलं. तिला वाईट वाटायलाही सवड नव्हती. कौलं तापली होती आणि पाठ मोडून आली होती.

या बाजूला शेवटी राहिली कोंडिबांची कणगी. जुन्या आंबेमोहराचं बियाणं ते दरसाल वेगळं राखत. घरात दुसरं कुणी तो पेरा धरत नसे. कणगीच्या बुडाला भोक होतं आणि आतल्या भातात लेंड्या मिसळल्या होत्या.

तिनं वरूनच सांगितलं, "मामंजी, बियाण्यात उंदीर शिरल्यात. टाकावं लागंल."

कोंडिबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "ते पेरायचं हाय, खायाचं न्हाई. ऊन दिलं की झालं."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. कणगीतला होता तेवढा पाटीभर भात तिनं खाली उतरवला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "हात लावू नगा," एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्यानं काडीनं दाणे पसरले. डोळे अगदी जवळ नेऊन एकेक बघत राहिले. उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली सरकली तरी ते बघतच होते. अखेर त्यांनी काडी टाकली.

"भागू, नुसता कोंबाचाच तुकडा कुरतडलाय मेल्यांनी. बाकी दाणा तसाच हाय." त्यांनी काठीनं पाटी दूर सारली. "न्हाई उगवायचं ह्ये. टाक."

सिद्धनाथनं पाटी खड्ड्यात रिकामी केली आणि वर माती ओढली. कोंडिबा काठी टेकत गावातल्या हणमंताकडं बियाणं मागायला गेले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी त्याला हेच बियाणं दिलं होतं. तासाभरानं परत आले. हणमंतानं हा पेरा केव्हाच सोडला होता, वेल्ह्याकडं त्याच्या मेव्हण्याकडं असेल तर विचारतो म्हणाला.

"इचारतो म्हणलाय," कोंडिबा सुनेला म्हणाले. "बघू."

तिनं मान हलवली. हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, कपडे गरम पाण्यात बुडवले आणि भिंतीला टेकून बसली. निम्मा माळा झाला होता. भोकांना जाळी मारायची होती, चुलीवरची बाजू अजून खरवडायची होती. ते पुढच्या रविवारी. सिद्धनाथनं न विचारता चहा टाकला आणि पहिला पेला तिच्या हातात दिला. तो संपायच्या आत तिचा डोळा लागला.